एका अडाणी भाषेची थोरवी

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिल्याच समासात मूर्खाची लक्षणं सांगितली आणि त्याच दशकाच्या शेवटच्या समासात पढतमूर्खाची वेगळी सांगितली. दोघांना त्यांनी एका माळेत ओवलं नाही. संगणकवाल्यांच्या जगात मात्र हा भेद पाळला जात नाही. वेबसाइट बांधणाऱ्या भाषांमध्ये एका भाषेला मूर्ख ठरवून सगळे मोकळे झाले आहेत. ती भाषा म्हणजे पीएचपी. मुलाखतीला आलेला उमेदवार ‘मी पीएचपीत काम करतो’ हे वाक्य आवाज उतरवून म्हणतो. तंत्रज्ञांच्या सभेत वक्त्याला हशा हवा असेल तर तिचं नाव काढलं की पुरतं. मला या मूर्खपणाची स्तुती करायची आहे आणि ती मनापासून करायची आहे. तिचं वागणं मूर्खाचं आहे, याबद्दल वाद नाही. त्या मूर्खपणामुळे जगाला काय मिळालं, हे कुणीतरी सरळ लिहायला हवं.

तिच्या आधीची रीत शहाण्यांची होती. इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या संस्थेत १९९३ मध्ये ‘सीजीआय’ची सोय निघाली. कुणी पान मागितलं की सर्व्हर एक स्वतंत्र प्रोग्रॅम सुरू करी. तो प्रोग्रॅम पानाचा मजकूर ओळीओळीनं बाहेर टाकी आणि संपून जाई. प्रोग्रॅम बहुधा पर्लमध्ये किंवा सीमध्ये लिहिलेला असे. म्हणजे बाहेर प्रोग्रॅम, आत पान. मथळ्यातला एक शब्द बदलायचा झाला तरी प्रोग्रॅम उघडायचा, अवतरणचिन्हांच्या गर्दीतून ती ओळ हुडकायची आणि सी असेल तर सगळं पुन्हा कंपाइल करायचं. ज्याला पान हवं होतं त्याला आधी प्रोग्रॅमर गाठावा लागे.

रासमुस लेरडॉर्फ हा ग्रीनलंडमध्ये जन्मलेला आणि कॅनडात इंजिनिअरिंग शिकलेला गृहस्थ. १९९४ मध्ये त्यानं आपला बायोडेटा वेबवर ठेवला आणि तो कोण कोण बघतं हे कळावं म्हणून सीमध्ये काही छोटी अवजारं लिहिली. ८ जून १९९५ रोजी ती सगळ्यांसाठी खुली केली. नाव दिलं ‘पर्सनल होम पेज टूल्स’. त्याला भाषा निर्माण करायची नव्हती. हे त्यानं पुढे अनेकदा स्वतःच सांगितलं आहे. प्रोग्रॅम लिहिण्याची हौसही आपल्याला नाही, अडचण सुटली की झालं, असंही तो म्हणत आला. भाषाशास्त्र न शिकलेल्या, भाषा घडवण्याची इच्छा नसलेल्या माणसाच्या हातून भाषा घडली. विद्वानांना ती गबाळी दिसते, आणि ती आहेच. पण या गबाळेपणात एक उलटापालट होऊन गेली, जी एखाद्या समितीनं कधी मंजूर केली नसती. पान बाहेर आलं आणि प्रोग्रॅम आत गेला.

पीएचपीच्या फाइलमध्ये ‘<?’ पासून ‘?>’ पर्यंत जे असेल तेवढाच प्रोग्रॅम. बाकी सगळं जसंच्या तसं वाचकाकडे जातं. याचा पुढचा अर्थ फार मोठा आहे. प्रोग्रॅमचं एक अक्षरही नसलेली, नुसता मजकूर असलेली फाइल हासुद्धा पीएचपीचा बिनचूक प्रोग्रॅम आहे. तो चालवला की स्वतःलाच छापतो. ज्याला एचटीएमएलचं साधं पान लिहिता येतं तो, त्याला माहीत नसताना, पीएचपी लिहीत असतो. त्याला पानावर आजची तारीख हवी असेल तर त्या जागी एक ओळ घालायची. उद्या बातम्यांची यादी हवी असेल तर आणखी चार ओळी. शिकण्याचा पहिला दिवस आणि कामाचा पहिला दिवस एकच. इतर भाषांत आधी शिकायचं आणि मग करायचं असा क्रम असतो. इथे आधी करायचं, आणि अडलं तर शिकायचं. मजकूर आणि प्रोग्रॅम यांची भेसळ ही सर्वांत मोठी चूक आहे असं पाठ्यपुस्तकं सांगत होती. त्या भेसळीच्या दारातून जितकी माणसं वेबच्या आत आली तितकी दुसऱ्या कुठल्या दारानं आली असतील असं मला वाटत नाही.

नावं ठेवण्याची तिची तऱ्हा बघा. मजकुराची लांबी मोजणारं फंक्शन ‘स्ट्रलेन’, मध्ये अंडरस्कोअर नाही. शब्द बदलणारं ‘स्ट्र_रिप्लेस’, मध्ये अंडरस्कोअर आहे. मजकुरात काही शोधायचं तर आधी मजकूर द्यायचा आणि मग शोधायचा शब्द. यादीत शोधायचं तर क्रम बरोबर उलटा. इतकी वर्षं झाली तरी मुरलेले लोकसुद्धा क्रम आठवण्यासाठी मॅन्युअल उघडतात. लेरडॉर्फनं २०१३ मध्ये याची एक गोष्ट सांगितली. अगदी सुरुवातीच्या काळात, फंक्शनचं नाव झटपट सापडावं म्हणून ती नावं अक्षरांच्या संख्येनुसार कप्प्यांत ठेवली जात. सगळी नावं सारख्या लांबीची असती तर एकाच कप्प्यात गर्दी झाली असती. म्हणून लांब-आखूड नावं मुद्दाम ठेवली गेली, आणि ‘एचटीएमएलस्पेशलचार्स’सारखं लांबलचक नाव त्या हिशोबातून आलं. कप्प्यांची ती पद्धत लवकरच गेली, नावं राहिली. संगणक विज्ञानाच्या वर्गात हे ऐकून मुलं अवाक होतील. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो. ज्या दिवशी जी गरज होती त्या दिवशी ती भागवली, आणि कालच्या माणसानं लिहिलेलं पान उद्याही चालावं म्हणून नावं बदलली नाहीत. सुंदर नावांसाठी लोकांची चालती पानं मोडणारे शहाणे पुष्कळ झाले.

१९९८ च्या जूनमध्ये पीएचपीची तिसरी आवृत्ती आली, ती इस्रायलच्या अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की या दोघा विद्यार्थ्यांच्या कामातून. त्यांनी गाभा नव्यानं लिहिला, आणि दोन लागोपाठच्या अपूर्णविरामांना (::) आत जे नाव दिलं ते हिब्रू होतं: ‘पामायिम नेकुदोतायिम’. पुढची कित्येक वर्षं टोकियोपासून पुण्यापर्यंत ज्याची ज्याची ती चिन्हं चुकली त्याला पडद्यावर हा हिब्रू शब्द वाचावा लागला. लोक चिडले, बदलण्याचे प्रस्ताव आले, पण नाव टिकलं. आपल्या मातृभाषेतला शब्द यंत्राच्या तोंडी घालून तो जगाला वाचायला लावण्याचं धाडस मला आवडतं. आपल्याकडच्या एवढ्या प्रोग्रॅमरांपैकी कुणाला ते सुचल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पण तिची खरी थोरवी तिच्या विसरभोळेपणात आहे, आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं.

कुणी पान मागितलं की पीएचपी जागी होते. चलं तयार होतात, डेटाबेसशी जोडणी होते, माहिती येते, पान बनतं, रवाना होतं. त्यानंतर ती सगळं टाकून देते. तोच माणूस अर्ध्या सेकंदानं पुन्हा आला तर ती त्याला ओळखत नाही. शाळेत एक गणित सुटलं की पाटी पुसून दुसरं मांडायचं, तसं हे काम चालतं. ओळख ठेवायचीच असेल तर ती मुद्दाम कुठेतरी लिहून ठेवावी लागते: डेटाबेसमध्ये, किंवा सेशनच्या फाइलमध्ये, जिचा क्रमांक ब्राउझरच्या कुकीत असतो. न लिहिलेलं काहीही शिल्लक राहत नाही.

त्याच काळात जावाचे मोठे अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर आले होते. ते एकदा सुरू झाले की आठवडेच्या आठवडे चालू राहत आणि सगळं लक्षात ठेवत. लक्षात ठेवणाऱ्याला किंमतही मोजावी लागते. कुठे थोडी मेमरी सोडायची राहून गेली तर ती रोज साठत जाते आणि एक दिवस सर्व्हर गुदमरतो. दोन ग्राहकांची कामं एकाच वेळी एकाच माहितीला हात घालतात आणि एकाच्या पानावर दुसऱ्याचा हिशोब दिसू लागतो. ते टाळण्यासाठी थ्रेड, लॉक आणि त्यांच्या गुंत्यांचं अवघड शास्त्र शिकावं लागतं. पीएचपीत गळालेली मेमरी त्या एका पानाबरोबर परत मिळते. चूक झाली तर एक पान मरतं, शेजारचं पान चालू राहतं. दोन वाचकांची सरमिसळ मेमरीत होत नाही, कारण मेमरी सामाईक नसतेच. ज्या प्रश्नांवर विद्वानांनी ग्रंथ लिहिले ते इथल्या नवशिक्यापुढे उभेच राहिले नाहीत. नवी आवृत्ती चढवायची म्हणजे एफटीपीनं फाइल जागेवर टाकायची. पुढचा वाचक आला की त्याला नवं पान. फाइल सेव्ह करा, ब्राउझर रिफ्रेश करा, बघा. करणं आणि बघणं यांच्यात एवढंच अंतर. २०१३ पासून ‘ओपकॅश’ भाषेबरोबरच मिळू लागला, त्यामुळे वाचून तयार केलेला प्रोग्रॅम आता मेमरीत राहतो. पण वाचकाची माहिती ती आजही प्रत्येक पानानंतर विसरते.

या विसरण्यातून एक अर्थकारण जन्माला आलं. जी साइट कुणी बघत नाही ती मशीनवर जवळजवळ काहीच जागा अडवत नाही. तिच्यासाठी काही चालू ठेवावं लागत नाही. त्यामुळे एका सर्व्हरवर शेकडो साइट दाटीवाटीनं नांदू शकल्या आणि शेअर्ड होस्टिंग स्वस्त झालं. गावातल्या गणेश मंडळाची साइट वर्षातले दहा दिवस गजबजते आणि उरलेलं वर्ष पडून असते. अशा साइटसाठी सतत जागा राहणारा सर्व्हर भाड्यानं घेणं कुठल्या मंडळाला परवडलं असतं? तालुक्याचं वाचनालय, पतसंस्था, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ, दिवाळी अंक काढणारा एकटा संपादक यांना वेबवर जागा मिळाली ती या विसरभोळ्या भाषेच्या जिवावर. २०१४ मध्ये अ‍ॅमेझॉननं ‘लॅम्डा’ ही सेवा आणली. विनंती आली की प्रोग्रॅम चालवा, एरवी काही चालू ठेवू नका, आठवणी बाहेर साठवा. सभा-संमेलनांतून तिचं नवयुग म्हणून स्वागत झालं. गणेश मंडळाचा कार्यकर्ता त्या युगात आधीपासूनच राहत होता.

मोठी कामं या भाषेत होत नाहीत, असं पुष्कळ दिवस सांगितलं गेलं. विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला तेव्हा तो पर्लमधल्या एका तयार प्रोग्रॅमवर चालत होता. वर्षभरात तो अपुरा पडू लागला. तेव्हा मॅग्नस मान्स्के या जर्मन विद्यार्थ्यानं, ज्याचा अभ्यासाचा विषय जीवरसायनशास्त्र होता, पीएचपीत नवा प्रोग्रॅम लिहिला आणि जानेवारी २००२ पासून विकिपीडिया त्यावर चालू लागला. पुढे तो पुन्हा लिहिला गेला, त्याचं मीडियाविकी झालं. भाषा तीच राहिली. मराठी विकिपीडियाचं प्रत्येक पान आजही तिच्यातूनच तयार होतं. २००३ मध्ये अमेरिकेतला मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधला माइक लिटल यांनी, मूळ लेखकानं वाऱ्यावर सोडलेला एक पीएचपी प्रोग्रॅम उचलून, त्यातून वर्डप्रेस काढलं. मुलेनवेग तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. आज जगातल्या दर दहा वेबसाइटपैकी चाराहून अधिक वर्डप्रेसवर आहेत. २००४ मध्ये फेसबुक पीएचपीतच लिहिलं गेलं. भार वाढल्यावर त्यांनी भाषा सोडली नाही. तिचं रूपांतर सी प्लस प्लसमध्ये करणारं यंत्र २०१० मध्ये तयार केलं आणि पुढे तिचीच एक वेगळी बोली घडवली. जगातले हवे ते प्रोग्रॅमर नोकरीला ठेवू शकणाऱ्या कंपनीला, विद्यार्थ्याच्या खोलीत लिहिलेला तो ढाचा टाकून देण्यासारखा वाटला नाही.

आता फ्रेमवर्ककडे येऊ, कारण आज पीएचपी म्हणजे बहुतेकांच्या लेखी लारावेलच. टेलर ऑटवेल यानं ते २०११ मध्ये आणलं. मी ते वापरतो आणि त्याचा मला आदर आहे. त्यात पान मागणारी विनंती एकाच प्रवेशद्वारातून, म्हणजे एका ‘इंडेक्स’ फाइलमधून आत येते. मग सर्व्हिस कंटेनर उभा राहतो, मिडलवेअरच्या चौक्या लागतात, राउटर विनंती कंट्रोलरकडे पाठवतो, कंट्रोलर एलोक्वंटमार्फत डेटाबेसशी बोलतो, आणि शेवटी ब्लेड नावाच्या टेम्प्लेटमधून पान घडतं. ही सगळी शिस्त मोठ्या कामात हवीच. दहा जण एका साइटवर राबतात तेव्हा कुठली गोष्ट कुठे सापडेल हे ठरलेलं असावं लागतं. पण प्रोजेक्टच्या ‘स्टोरेज’ फोल्डरमध्ये ‘व्ह्यूज’ असं एक आतलं फोल्डर असतं. ते प्रत्येक नवशिक्यानं एकदा तरी उघडून बघावं. ब्लेडमध्ये लिहिलेलं प्रत्येक पान लारावेल तिथे रूपांतर करून ठेवतं. रूपांतर कशात? एचटीएमएलच्या मध्ये मध्ये ‘<?’ आणि ‘?>’ असलेल्या, जुन्या वळणाच्या साध्या पीएचपीत. इतक्या चौक्या ओलांडून शेवटी पान भेटतं ते त्या जुन्या भेसळीच्या रूपात. अनेक वर्षांचं शहाणपण त्या मूर्खपणावर उभं आहे आणि त्याच्यावाचून ते चालत नाही.

हा प्रकार एकदाच झाला असं नाही. २००० नंतरच्या वर्षांत स्मार्टी नावाचं टेम्प्लेट इंजिन फार लोकप्रिय होतं. पीएचपी ही मुळात टेम्प्लेटची भाषा. तिच्यात लिहिलेली ही दुसरी टेम्प्लेटची भाषा. तिच्यात ‘जर-तर’ आलं, चक्रं आली, फंक्शनं आली, आणि शिकायला दोन भाषा झाल्या.

सर्वांत मोठी प्रदक्षिणा मात्र जावास्क्रिप्टवाल्यांनी घातली. फेसबुकमध्ये पीएचपीच्या आतच एचटीएमएल लिहिता यावं म्हणून ‘एक्सएचपी’ नावाची जोड २०१० मध्ये बाहेर आली. त्याच कल्पनेवरून पुढे रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीची ‘जेएसएक्स’ ही लेखनपद्धत निघाली, आणि २०१३ मध्ये रिअ‍ॅक्ट जाहीर झालं तेव्हा लोकांनी नाकं मुरडली: प्रोग्रॅम आणि एचटीएमएल एकाच फाइलमध्ये? तक्रारीचे शब्दही जुनेच होते. काही वर्षांत तीच पद्धत उद्योगाचा शिरस्ता झाली. मग पान बनवण्याचं काम सर्व्हरकडून काढून वाचकाच्या फोनवर ढकललं गेलं. सर्व्हर एक रिकामी चौकट आणि जावास्क्रिप्टचा मोठा गठ्ठा पाठवी, आणि फोन तो उलगडून पान उभं करी. चांगला फोन आणि चांगलं नेटवर्क असलेल्याला फरक जाणवला नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसलेल्या मुलीच्या हातात स्वस्तातला फोन असतो आणि गावात नेटवर्कची एकच काडी येते; तिच्यासमोर पांढरा पडदा आला. सर्व्हरवर तयार झालेलं पान अर्धवट पोचलं तरी जेवढं पोचलं तेवढं वाचता येतं. गठ्ठा अर्धा पोचला तर काहीच दिसत नाही. हा फरक वेग मोजणाऱ्या कोष्टकांत पुरता उतरत नाही. मला तो या सगळ्या वादातला सर्वांत महत्त्वाचा फरक वाटतो.

डिसेंबर २०२० मध्ये रिअ‍ॅक्टवाल्यांनी सर्व्हरवर पानाचे भाग बनवण्याची योजना मांडली. ऑक्टोबर २०२३ मध्ये, रिअ‍ॅक्टवर बांधलेल्या नेक्स्ट.जेएसच्या परिषदेत पडद्यावर एक उदाहरण आलं, त्यात पानातल्या बटनाच्या मागे थेट डेटाबेसमध्ये नोंद घालणारी एसक्यूएलची ओळ लिहिलेली होती. बघणाऱ्यांना एकदम पीएचपी आठवली. जगभर थट्टा झाली. मला त्या मंडळींबद्दल आदर वाटला. इतक्या लांबून परत येऊन, जिथे मूर्ख उभे होते तिथे चारचौघांसमोर येऊन उभं राहणं सोपं नसतं.

पीएचपीतला सगळाच मूर्खपणा स्तुतीला पात्र आहे असं मात्र नाही. ज्या मूर्खपणाची झळ तो करणाऱ्यालाच लागते तो एक, आणि ज्याची झळ तिऱ्हाइताला लागते तो दुसरा. ‘रजिस्टर ग्लोबल्स’ नावाची सोय दुसऱ्या जातीची होती. पत्त्याच्या पट्टीत पाहुण्यानं जे नाव आणि किंमत लिहिली त्याचं थेट प्रोग्रॅमातलं चल होई. ‘हा अ‍ॅडमिन आहे’ अशी नोंद ठेवणारं चल आधी रिकामं करायला प्रोग्रॅमर विसरला, तर पाहुणा पत्त्यातच ते भरून अ‍ॅडमिन होऊन बसे. ही सोय एप्रिल २००२ मध्ये मुळातून बंद ठेवली जाऊ लागली आणि २०१२ मध्ये पूर्ण काढून टाकली गेली. दहा वर्षं फार झाली. तुलनेचं दुहेरी बरोबरचिन्हही असंच. वेबच्या अर्जातून सगळं मजकूर म्हणूनच येतं, तेव्हा अंकासारखा दिसणारा मजकूर अंक मानावा, हा विचार मुळात व्यवहाराचा होता. पण त्यामुळे शून्य, मग ‘ई’ आणि पुढे नुसते अंक, अशा रूपाच्या दोन वेगवेगळ्या सांकेतिक ठशांना ती भाषा समान म्हणते, कारण तिच्या लेखी दोन्ही शून्यच. असे एमडी-५ ठसे देणारे शब्द लोकांनी शोधून ठेवले आहेत, आणि पासवर्ड तपासणीत दुहेरी चिन्ह वापरणाऱ्या साइटवर साठवलेला ठसाही त्याच रूपाचा असेल तर तिथलं कुलूप त्यांनी उघडतं. अर्जातला मजकूर तसाच एसक्यूएलच्या वाक्यात जोडण्याची सवयही अशीच. तिच्यापायी कितीतरी लोकांची खासगी माहिती बाहेर गेली. इथे नवशिक्याला सूट देऊ नये. डेटाबेसशी बोलणाऱ्या पीडीओ या सोयीतली तयार वाक्यं, ज्यांत अर्जातला मजकूर वेगळा दिला जातो, २००५ पासून हाताशी आहेत. दुसऱ्याची माहिती सांभाळणाऱ्यानं ती वापरलीच पाहिजेत, आणि शिकवणाऱ्यानं पहिल्या धड्यापासून तीच शिकवली पाहिजेत.

मराठीशी या भाषेचं नातं निराळं आहे. तिला अक्षर म्हणजे काय ते कळत नाही. तिला फक्त बाइट कळतात. ‘मराठी’ हा शब्द युटीएफ-८ मध्ये देऊन ‘स्ट्रलेन’ला लांबी विचारली तर ती पंधरा सांगते, कारण म, र, काना, ठ आणि वेलांटी या पाच चिन्हांना प्रत्येकी तीन बाइट लागतात. ‘एमबी_स्ट्रलेन’ पाच सांगतं. शाळेतली मुलगी सांगते तेवढी, म्हणजे तीन अक्षरं हवी असतील तर ‘ग्राफीम_स्ट्रलेन’कडे जावं लागतं. बातमीचा मथळा बाइट मोजून तोडला की शेवटी चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटतं. मराठी साइटवर ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. हे सुधारावं म्हणून पीएचपीची सहावी आवृत्ती आखली गेली. तिला सगळ्या लिप्या आतून कळणार होत्या, त्यासाठी प्रत्येक मजकूर युटीएफ-१६ मध्ये ठेवायचा होता. काही वर्षं खपून २०१० मध्ये तो बेत सोडून दिला गेला, आणि पाचानंतर थेट सात आला. मला त्या प्रयत्नाबद्दल हळहळ वाटते. पण हेही खरं की भाषेला काहीच कळत नसल्यामुळे तिनं आमच्या मजकुराला हात लावला नाही. जे बाइट आले ते तिनं जसेच्या तसे पुढे दिले, आणि देवनागरी पानं धडपणे चालली.

नडला तो शेजारचा मायएसक्यूएल हा डेटाबेस. त्याचा मूळ अक्षरसंच लॅटिन होता, आणि ‘युटीएफ-८’ नावाच्या संचात तो फक्त तीन बाइटपर्यंतची चिन्हं ठेवी. देवनागरी त्यात बसली. मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली ती चार बाइटच्या प्रदेशात. जुन्या संचावर बांधलेल्या साइटमध्ये मोडी कागदपत्राचं लिप्यंतर साठवायला गेलं की मजकूर तुटतो किंवा नाकारला जातो. पीएचपी मात्र मोडीतलं पान काहीही न समजता वाचकापर्यंत पोचवते. पेशवे दफ्तरातली कागदपत्रं वेबवर आणू पाहणाऱ्यानं डेटाबेसचा संच ‘युटीएफ-८-एमबी-४’ करून घ्यावा. पीएचपीत फक्त डेटाबेसच्या जोडणीचा संच तोच ठेवावा लागतो.

एवढ्या जगाचा भार वाहणारी ही भाषा कुणाच्या मालकीची नाही, आणि बराच काळ तिचा सांभाळ फारच थोड्या लोकांवर होता. निकिता पोपोव्ह २०११ मध्ये शाळेत असताना तिच्या गाभ्यात काम करू लागला. सातव्या आणि आठव्या आवृत्तीतल्या कितीतरी सुधारणांवर त्याचा हात आहे. २०२१ च्या अखेरीस तो दुसऱ्या कामाकडे वळला तेव्हा सगळ्यांना जाग आली, आणि नोव्हेंबरमध्ये काही कंपन्यांनी एकत्र येऊन पीएचपी फाउंडेशन उभं केलं. गाभ्यावर काम करणाऱ्यांपैकी काहींना आता पगार मिळतो. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात या भाषेवर पोट भरणाऱ्या संस्था आहेत. त्यांनी वर्गणी द्यावी, आणि दरसाल द्यावी.

आणखी एक काम आहे, त्याला पैसे लागत नाहीत. पीएचपीचं मॅन्युअल जपानी, रशियन, तुर्की अशा भाषांत स्वयंसेवकांनी आणलं आहे. त्या यादीत एकही भारतीय भाषा नाही. वर्डप्रेसच्या डॅशबोर्डवरच्या पाट्या मराठी स्वयंसेवकांनी मराठीत आणल्या, तेव्हा माणसं नाहीत असं म्हणता येणार नाही. मॅन्युअलचा मूळ मजकूर गिटहबवर खुला आहे. तो सतत बदलतो, भाषांतर कायम मागे पडतं, आणि ज्याला प्रोग्रॅमिंग करायचं त्यानं इंग्रजी शिकावं हे उत्तर तयारच असतं. तरी हे हाती घ्यावं. सुरुवात स्ट्रिंगच्या प्रकरणापासून करावी, आणि उदाहरणांत लांबी मोजायला, तोडायला, उलटायला मराठी शब्द घालावेत, म्हणजे पंधरा, पाच आणि तीन यांतला फरक शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळेल. त्यानंतर पीडीओचं प्रकरण घ्यावं.